एक्केचाळीस बाबींची मोटरसायकल

वजनमापे निरीक्षकांनी मोटरसायकल घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यांचं वय बावन्न होतं, रक्तदाब योग्य होता आणि घरात कोणाशी भांडण झालेलं नव्हतं. त्यामुळे या निर्णयाचं खापर कशावरच फोडता येत नाही. कारण साधं होतं. सहाशे बारा किलोमीटरवर, समुद्राकाठच्या गावात, त्यांची थोरली बहीण राहत होती. ताईनं चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती आणि आता तिचे डोळे जात होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाच-सहा महिने सांगितले होते.

ताईनं ही बातमी फोनवर, राहून गेलेला स्वल्पविराम दाखवावा तशी दिली.

"बाळ, पाच-सहा महिन्यांत दुकान बंद होणार म्हणतात. त्याआधी ये. आणि मोटरसायकल घेऊन ये."

"मोटरसायकल?"

"एकोणीस वर्षांचा होतास तेव्हा काय म्हणाला होतास? नोकरी लागली की ताई, तुला डबलसीट बसवून कड्यावरचा रस्ता दाखवीन. लागली ना नोकरी?"

"लागली."

"मग झालं तर! तीस वर्षं मी काही बोलले का? आता जरा घाई आहे म्हणून बोलते."

कड्यावरचा तो रस्ता ताईच्या घरापासून दोन किलोमीटरवर सुरू व्हायचा आणि समुद्राच्या कडेकडेनं दीपगृहापर्यंत जायचा. त्यावर बस जात नसे, मोटार जात नसे, आणि चालत जायला ताईचे गुडघे तयार नव्हते. दूधवाला तिला अनेकदा म्हणाला होता, बसा माझ्या मागे. पण ताईनं त्याला दरवेळी एकच उत्तर दिलं होतं, की माझा भाऊ येणार आहे.

"आत्ता कितपत दिसतं?" निरीक्षकांनी विचारलं.

"बारा पॉइंटचा टाइप वाचते. त्याहून बारीक, दहाचा, गेला."

निरीक्षकांनी वहीत लिहून घेतलं: बारा.

इथं दुसरा एखादा माणूस दुकानात गेला असता, चालणारी गाडी घेतली असती आणि शुक्रवारी निघाला असता. पण निरीक्षकांच्या तीस वर्षांच्या नोकरीत पडताळणी आणि मुद्रांकन झाल्याशिवाय कुठलीही वस्तू वापरात गेलेली नव्हती. वाण्याचा तराजू, पेट्रोल पंपाचं माप, कापडवाल्याचा गज, सगळं आधी त्यांच्या हाताखालून जायचं, मग त्यावर शिशाचा शिक्का बसायचा आणि मगच ते जगात जायचं. मोटरसायकलीनंच काय घोडं मारलं होतं?

पहिले पाच आठवडे निवडीत गेले. निरीक्षकांनी सतरा गाड्यांचा तक्ता केला. बावीस रकाने पाडले, प्रत्येक रकान्याला भारांक दिला, आणि प्रत्येक गाडीवर दुकानात जाऊन बरोबर अकरा मिनिटं बसले. अकरा मिनिटांत माकडहाडाला खरं काय ते कळतं असं त्यांच्या लक्षात आलं होतं. सहाव्या दुकानाच्या मालकानं त्यांना नम्रपणे विचारलं, "साहेब, चालवून बघता का?"

"निवड झाल्यावर," निरीक्षक म्हणाले.

त्यांची पत्नी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून पेशी मोजायची आणि घरी आल्यावर मोजण्याचा विषय काढायची नाही. तिनं तक्ता एकदा वरून खाली पाहिला.

"अहो, सगळ्यांना शंभरापैकी एकाहत्तर ते चौऱ्याहत्तर गुण आहेत."

"हो ना. फार चुरस आहे."

"चुरस नाही. म्हणजे कुठलीही घेतली तरी चालेल."

निरीक्षकांना तिचा हा निष्कर्ष घाईचा वाटला. शेवटी त्यांनी चौऱ्याहत्तर गुणांची गाडी घेतली. वजन एकशे अठ्ठेचाळीस किलो, रंग करडा, पाय जमिनीला नीट टेकत होते, आणि मागे दुसऱ्या माणसासाठी चांगली रुंद, मऊ सीट होती. त्या आठवड्यात ताई चौदा पॉइंटवर होती.

गाडी घरी आली त्याच दिवशी निघता आलं असतं. पण निरीक्षकांच्या मनात आलं, हिची पडताळणी कोण करणार? स्वतःच्या मापाला स्वतः शिक्का मारणं हा त्यांच्या खात्यात गुन्हा होता. चौकशी करता करता त्यांना शहरातल्या दूरपल्ला मोटरसायकल पर्यटन मंडळाचा पत्ता मिळाला.

मंडळाचे चौऱ्याऐंशी सदस्य होते. अध्यक्ष दंतवैद्य होते. त्यांचा उभा जन्म ज्यांना उत्तर देता येत नाही अशा लोकांना प्रश्न विचारण्यात गेला होता, त्यामुळे सभा ते फार सुरळीत चालवत. त्यांच्या दवाखान्यामागच्या शेडमध्ये सदस्यांच्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. त्यांच्यावर दिवे होते, पेट्या होत्या, जाळ्या होत्या, दोऱ्या होत्या. एकीवर फावडं होतं.

"फावडं कशाला?" निरीक्षकांनी विचारलं.

"वाळू लागली तर?" अध्यक्ष म्हणाले.

निरीक्षकांना आपण योग्य ठिकाणी आलो आहोत अशी खात्री पटली.

मंडळाची दूरपल्ला-सिद्धता यादी एक्केचाळीस बाबींची होती. एक्केचाळीस बाबी पूर्ण झाल्या की प्रत्येक बोल्टावर तारेचं सील बसायचं आणि सिद्धता प्रमाणपत्र मिळायचं. कायद्यानं ते कोणी मागत नव्हतं. पण प्रमाणपत्र असतं हे एकदा कळल्यावर त्याच्याविना घराबाहेर पडणं निरीक्षकांना उघड्या अंगानं कचेरीत जाण्यासारखं वाटू लागलं.

पहिली बाब होती पंक्चरचं सामान. ती रास्तच होती. पंक्चर काढायचं तर चाक काढावं लागतं, चाक काढायचं तर पाने लागतात, आणि पाने ठेवायला पेटी लागते. मग गाडीच्या डाव्या अंगाला ॲल्युमिनियमची पेटी बसली. तिच्यात चार किलो सहाशे ग्रॅमची हत्यारं गेली आणि गाडी डावीकडे ओढू लागली. तोल राखायला उजव्या अंगाला तशीच पेटी बसवण्यात आली. पण तिच्यात ठेवायला काही नव्हतं. निरीक्षकांनी यावर दोन दिवस विचार केला आणि मग स्वतःच्या संग्रहातली प्रमाणित पितळी वजनं, दोन किलोची दोन आणि वर दोनशेची तीन, मखमलीत गुंडाळून उजव्या पेटीत ठेवली.

गाडीची कामं करणारा मिस्त्री मंडळाच्या शेडसमोरच बसायचा. माणूस कामाला चोख होता आणि बोलायला फटकळ.

"साहेब, हत्यारंच अर्धी अर्धी दोन्हीकडं ठेवा की."

"बाब क्रमांक तीनमध्ये लिहिलंय, हत्यारं एका ठिकाणी असावीत."

"मग ही पितळ घेऊन चाललाय ती कशाला?"

"तोलाला."

मिस्त्रीनं हात पुसले. "बरं. माझं काय जातंय? मी पेट्या लावायचे घेतो, त्यात काय भरता ते विचारायचे घेत नाही."

दोन्ही पेट्या, त्यांच्या चौकटी आणि पितळ धरून मागचं वजन सदतीस किलोनं वाढलं. मागचे शॉकअप दबले. म्हणून कडक शॉकअप घातले. त्यांनी गाडी साडेचार सेंटिमीटर उंच झाली आणि निरीक्षकांचे पाय जमिनीला टेकेनात. म्हणून जाड तळव्यांचे बूट घेतले. तळवे इतके जाड होते की बूट गिअरच्या खाली जाईना. म्हणून गिअरचा दांडा लांब करून बाहेर काढला. तो इतका बाहेर आला की गाडी पडली तर आधी तोच मोडला असता. म्हणून त्याच्या बाहेरून लोखंडी गार्ड बसवला. डावीकडे गार्ड म्हटल्यावर उजवीकडेही आलाच. आता गाडीची रुंदी सत्त्याण्णव सेंटिमीटर झाली आणि निरीक्षकांच्या फाटकाची चौऱ्याण्णव होती.

"आता?" पत्नीनं विचारलं.

"फाटकाचा एक खांब काढावा लागेल."

"अहो, बुटांऐवजी जरा उंच टाचेचे जोडे घातले असते तर?"

"तसं बाब क्रमांक एकोणीसमध्ये बसत नाही."

खांब काढला. त्या दिवसापासून फाटक एका बाजूनं आधाराशिवाय उभं राहिलं आणि वारा आला की आल्यागेल्याला आपणहून आत बोलवू लागलं.

ताईचा फोन दर रविवारी यायचा.

"झाली का गाडी?"

"एकवीस बाबी झाल्यात."

"म्हणजे चाकं धरून?"

"चाकं मूळचीच असतात, ताई. ती बाबीत येत नाहीत. तुझं काय?"

"अठरा पॉइंट. वर्तमानपत्राचे उपमथळे वाचते. आतल्या बातमीचा अंदाज करते. खरं सांगू, अंदाजच बरा असतो. परवा दूधवाला म्हणाला, ताई, तुमच्या भावाची गाडी विमान आहे का? म्हटलं, नाही रे, विमान एव्हाना आलं असतं."

निरीक्षक हसले. ताईच्या बोलण्यावर हसणं त्यांना लहानपणापासून सोपं जायचं. फोन ठेवल्यावर त्यांनी वहीत लिहिलं: अठरा. त्याच्या समोरच्या रकान्यात लिहिलं: एकवीस. दोन्ही आकडे वाढत होते आणि कागदावर तरी ते प्रगतीसारखं दिसत होतं.

मग दिवे आले. धुक्यासाठी दोन, धुळीसाठी दोन, आणि मागून येणाऱ्याला आपण पुढे आहोत हे कळावं म्हणून एक. पाच दिव्यांना मूळची बॅटरी पुरेना. दुसरी बॅटरी घेतली. तिला जागा कुठे, तर मागच्या सीटखाली. त्यासाठी सीट थोडी वर उचलावी लागली. एवढ्या वजनाला पेट्रोल जास्त लागणार म्हणून दहा लिटरचा जादा डबा आला. तंबू, दोर, प्रथमोपचार, घडीची खुर्ची आणि फावडं यांसाठी पंचेचाळीस लिटरची वरची पेटी आली. ती बसवायला सपाट जागा हवी होती आणि गाडीवर सपाट जागा एकच उरली होती.

त्या सभेत बाब क्रमांक सदतीस चर्चेला आली. बाबीचं शीर्षक होतं 'सहप्रवासी'.

"निरीक्षकसाहेब, मागे कोणी बसणार आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझी बहीण. फक्त शेवटचे बारा-पंधरा किलोमीटर."

"वजन?"

"एकोणपन्नास किलो असेल."

"असेल?"

निरीक्षक कानापर्यंत लाल झाले. तीस वर्षांत 'असेल' हा शब्द त्यांनी वजनापुढे कधी वापरला नव्हता. त्यांनी तिथूनच ताईला फोन लावला.

"ताई, तुझं वजन किती?"

"ओली की कोरडी?"

"ताई, सभा चालू आहे."

"मग सभेला सांग, सकाळी एकोणपन्नास, जेवल्यावर एकोणपन्नास आणि थोडं. आणि विचार, एवढी माहिती ते लग्नासाठी काढतायत का."

अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बदलतं वजन. आवळता येत नाही, कुलूप लागत नाही, वळणावर मनानं कलतं. तांत्रिक भाषेत याला सैल माल म्हणतात. मंडळाचा अनुभव असा आहे की मागची सीट म्हणजे वाया गेलेलं क्षेत्रफळ. तिथं वरची पेटी बसवा. तुमच्या भगिनींना मानद सहप्रवासी म्हणून नोंदवता येईल."

"मानद म्हणजे?"

"म्हणजे त्यांचं नाव प्रमाणपत्रावर येईल."

निरीक्षकांचं समाधान झालं असं म्हणता येणार नाही. पण प्रमाणपत्रावर नाव येणार म्हटल्यावर आपण ताईला सोडून जातोय असंही म्हणता येत नव्हतं. मिस्त्रीनं सीट काढली. चांगली रुंद सीट होती. त्यानं ती आपल्या टपरीसमोर दोन विटांवर ठेवली आणि तेव्हापासून तिच्यावर बसूनच तो गाड्या दुरुस्त करू लागला.

एक्केचाळिसावी बाब पूर्ण झाली तेव्हा गाडीचं वजन दोनशे एकोणसाठ किलो होतं. वरच्या पेटीच्या आठही बोल्टांतून तार ओवली गेली आणि तारेवर शिशाचं सील दाबलं गेलं. सील तुटलं तर प्रमाणपत्र रद्द, असं प्रमाणपत्राच्या मागे छापलं होतं. मंडळानं टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी हार घातला, निरीक्षकांना नव्हे, गाडीला.

"आता ओळीत लावा," अध्यक्ष म्हणाले. "फावड्यावाल्यांच्या शेजारी जागा केलीय."

"नाही, मी शुक्रवारी निघतोय."

"निघताय म्हणजे?"

"म्हणजे, जातोय. लांब पल्ल्यावर."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "प्रत्यक्ष?"

तेव्हा निरीक्षकांना कळलं की चौऱ्याऐंशी सदस्यांपैकी एकही जण कुठे गेलेला नव्हता. यामागे कोणाचा आळस नव्हता. कारण तर्कशुद्ध होतं. गेलेली गाडी वापरलेली होते. वापरलेल्या गाडीची झीज होते. झिजलेली गाडी सिद्ध राहत नाही, आणि सिद्ध नसलेल्या गाडीनं लांबच्या पल्ल्याला जाणं धोक्याचं असतं. फावड्यावाले गृहस्थ नऊ वर्षांपासून सिद्ध होते. त्यांच्या गाडीच्या मीटरवर चार किलोमीटर पडले होते, आणि तेही दुकानापासून शेडपर्यंतचे, ज्याचं त्यांना अजून वाईट वाटायचं.

"घाई करू नका," अध्यक्ष मृदूपणे म्हणाले. "पुढच्या महिन्यात सुधारित यादी येतेय. सत्तेचाळीस बाबी."

निरीक्षक थांबले असते. हे इथं नोंदवणं भाग आहे. सत्तेचाळीस हा आकडा ऐकल्यावर एक्केचाळीस त्यांना अपुरे वाटू लागले होते. घरी जाऊन त्यांनी पत्नीला तसं सांगितलंही. ती भांडी पुसत होती. तिनं ताट खाली ठेवलं.

"आज दुपारी ताईंचा मला फोन होता. तुम्हाला नाही, मला. त्या म्हणाल्या, समोरच्या दुकानाच्या पाटीचं आता पहिलं अक्षरच दिसतं. बाकीची पाटी आठवणीनं वाचतात."

निरीक्षकांनी वही उघडली. पाटीवरच्या अक्षराचा पॉइंट किती, ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं.

"अहो, तो रकाना राहू दे रिकामा," पत्नी म्हणाली. "निघा."

शुक्रवारी सकाळी सात वाजता ते निघाले.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सहाशे बारा किलोमीटरला तीन दिवस लागले. धुकं पडलं नाही, वाळू लागली नाही, पंक्चर झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चढावर मागून एक जुनाट गाडी आली. तिच्यावर एक माणूस, त्याची बायको, दोन पोती आणि आडवी धरलेली शिडी होती. तो माणूस निरीक्षकांच्या बरोबरीनं आला, सगळं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आपुलकीनं ओरडला, "दुकान बदलताय का?" मग शिडी सांभाळत पुढे निघून गेला. एक्केचाळीस बाबींपैकी वापर एकाच बाबीचा झाला. घडीच्या खुर्चीवर बसून निरीक्षकांनी रोज अर्धा तास बाकीच्या चाळीस बाबी तपासल्या.

रविवारी अकराच्या सुमाराला ते पोहोचले. ताई दारातच उभी होती. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, पायात कापडी बूट, स्वेटरची सगळी बटणं लावलेली. कितीतरी वेळापासून ती तशी उभी असावी.

"आवाजावरून वाटलं, ट्रक आला," ती म्हणाली. "उतर, आधी तोंड दाखव." तिनं दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा चाचपला. तिच्या हाताला हेल्मेट, हनुवटीचा पट्टा, गळ्याचं कवच आणि त्यावरची धूळ लागली. "अगो बाई! तू आहेस ना आत?"

"आहे, ताई." त्यांनी हेल्मेट काढलं.

"सुटलेला दिसतोस. दिसतोस म्हणजे, लागतोस हाताला. चल, तोंड नंतर धू. ऊन चांगलं आहे. अजून ऊन आणि सावली कळतं मला, तेवढ्यात जाऊन येऊ." आणि ती हातानं अंदाज घेत गाडीच्या मागे गेली. तिचा हात ॲल्युमिनियमवर आपटला. तिनं डावीकडे चाचपलं, तिथं पेटी. उजवीकडे चाचपलं, तिथं पेटी.

"बाळ, मी बसू कुठे?"

निरीक्षकांनी प्रमाणपत्र काढलं. "तुझं नाव आहे यावर."

"कुठे?"

त्यांनी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. ताईनं बोट तसंच राहू दिलं. चाळीस वर्षांच्या सवयीनं तिनं विचारलं, "बरोबर छापलंय ना?"

"बरोबर आहे."

"मग आता ही पेटी काढ."

हे काम चाळीस मिनिटांचं होतं. सीट मिस्त्रीकडे राहिली होती, पण पेटीखालच्या सपाट पत्र्यावर तंबूची घडी टाकून ताईला बसता आलं असतं. निरीक्षकांनी डाव्या पेटीतून पक्कड काढली, गुडघ्यावर बसले आणि पहिल्या तारेला पक्कड लावली. शिशाचं सील उन्हात चमकत होतं. तीस वर्षांत त्यांनी सील तोडलेल्या चारशे बारा दुकानदारांवर खटले भरले होते. कोणी म्हणालं होतं पोरानं तोडलं, कोणी म्हणालं उंदरानं. एकानंही समाधानकारक कारण दिलं नव्हतं. पक्कड दाबायला लागणारं बळ त्यांच्या बोटांत होतं. पण ते बोटांतच राहिलं.

त्यांनी अध्यक्षांना फोन केला. अध्यक्ष कोणाच्या तरी दाढेत होते.

"सील तात्पुरतं काढायला परवानगी मिळेल का? पंधरा किलोमीटरपुरती?"

"अर्ज करा. दोन प्रती. पुढच्या सभेत ठेवू."

"सभा कधी?"

"सोळा तारखेला. जरा मोठा आ करा. तुम्ही नाही, साहेब."

ताई पायरीवर बसली होती. तिनं फोनमधलं सगळं ऐकलं होतं. ती रागावली नाही. मुद्रित तपासणारी माणसं चुकीवर रागावत नाहीत, नुसती खूण करतात. तेवढ्यात दूधवाला आला. त्याची मोपेड वीस वर्षांची होती. आरसा एकच होता, सीटचं रेक्झिन फाटून आतला फोम बाहेर आला होता, आणि दुधाच्या किटल्या रिकाम्या झाल्या होत्या.

"आला का भाऊ?" त्यानं विचारलं. मग त्यानं गाडीकडे पाहिलं, पायरीवरच्या ताईकडे पाहिलं, आणि किटल्या उतरवून भिंतीशी ठेवल्या. "चला ताई. बसा."

ताई उठली. क्षणभर ती भावाच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. "तू मागून ये हं," ती म्हणाली, आणि दूधवाल्याच्या मागे, फोमवर, दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसली.

निरीक्षक मागून गेले. कड्यावरचा रस्ता जिथं सुरू होतो तिथं मोटारी आत येऊ नयेत म्हणून दगडाचे दोन खांब रोवलेले होते. मोपेड त्यांच्यामधून, बोलता बोलता सुईतून दोरा जावा तशी निघून गेली. निरीक्षकांनी ब्रेक दाबला. ते उतरले, टेप काढला आणि अंतर मोजलं. मग खात्री करण्यासाठी जमिनीलगत मोजलं आणि वरच्या बाजूला मोजलं. पुढच्या वळणावर ताईचा रुमाल एकदा दिसला, मग दिसेनासा झाला. समुद्राचा आवाज येत होता. तो किती डेसिबल असेल, असं त्यांच्या मनात आलं.

पाऊण तासानं मोपेड परत आली. ताईचा रुमाल मागे सरकला होता, केस उडून उभे राहिले होते आणि गाल लाल झाले होते. ती उतरली, धापा टाकत दोन पावलं पुढे आली आणि भावाचा दंड धरून सांगायला तिनं तोंड उघडलं.

"पंच्याण्णव सेंटिमीटर," निरीक्षक म्हणाले.

ताईनं तोंड मिटलं. "तुझी किती?"

"सत्त्याण्णव."

"दोननं चुकलं होय रे!" ती म्हणाली, आणि त्यांच्या दंडावर थोपटून घराकडे वळली. त्या संध्याकाळी तिनं निरीक्षकांच्या पत्नीला फोन केला आणि दोघी सव्वा तास बोलल्या. पत्नी मध्येच रडत होती आणि मध्येच हसत होती असं शेजारच्यांनी सांगितलं. निरीक्षकांनी काय बोलणं झालं ते विचारलं नाही, म्हणून तिनंही सांगितलं नाही.

सोळा तारखेच्या सभेत निरीक्षकांचा सत्कार झाला. प्रत्यक्ष जाऊन आलेले ते पहिलेच सदस्य होते. त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. नंतर प्रश्नोत्तरं झाली. इतिवृत्तात एकतीस प्रश्न नोंदवलेले आहेत. लिटरला किती किलोमीटर पडले? हवा किती ठेवली होती? पावसात पेटीत पाणी गेलं का? पाऊस नव्हता हे सांगितल्यावर फावड्यावाल्यांनी विचारलं, पण पडला असता तर गेलं असतं का? दगडाच्या खांबांचा धोका लक्षात घेऊन बाब क्रमांक अठ्ठेचाळीस एकमतानं मंजूर झाली: प्रत्येक सदस्यानं लांब दांड्याची मोजपट्टी बाळगावी. अंधुक नजरेनं, फाटक्या फोमवर बसून त्या बाईला काय दिसलं, हा प्रश्न इतिवृत्तात नाही.

ही हकिगत त्यानंतर बऱ्याच जणांना सांगून झाली आहे. सगळे मंडळाला हसतात, दंतवैद्याला हसतात, निरीक्षकांच्या पितळी वजनांना तर फारच हसतात. मग हसणं ओसरलं की जरा पुढे झुकून, आवाज थोडा खाली आणून, एक गोष्ट विचारतात. तुमच्याही ओठांवर ती आली असेल, तेव्हा संकोच नको. पंचेचाळीस लिटरची ती वरची पेटी चांगली आहे, पाणी आत जात नाही, कुलूपही मजबूत आहे. तुमच्या गाडीला सहज बसेल. मागची सीट तेवढी काढावी लागेल.